अक्षर, आकृती आणि संकेतांक : मराठी संहितेच्या एकरूपतेचा प्रश्न

१

दोन प्रती एकाच साहित्यकृतीच्या आहेत असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात या प्रश्नाला दिलेले उत्तर सुपरिचित आहे. चित्राची हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते; कवितेची बिनचूक प्रत मात्र कविताच असते. चित्राची ओळख त्याच्या निर्मितीच्या इतिहासाशी जखडलेली असते, तर संहितेची ओळख तिच्या वर्णक्रमावर ठरते. वर्ण, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे यांचा क्रम एकच असेल, तर कागद, शाई, टंक, मुद्रणालय यांपैकी काहीही बदलले तरी कृती बदलत नाही.

या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. कोणतीही खूण कोणत्या वर्णाची आहे हे निःसंदिग्धपणे ठरवता येते, आणि एका खुणेला एकाहून अधिक वर्णांचे सदस्यत्व मिळत नाही, असे ते गृहीतक आहे. मुद्रित संहितेपुरते ते बहुतांशी टिकते, कारण तेथे निवाडा वाचणाऱ्या डोळ्याकडे असतो. संगणकीय संहितेत मात्र डोळ्याला दिसणारी आकृती ही संहिता नसते. साठवलेली असते ती संकेतांकांची मालिका. आकृती ही त्या मालिकेवरून दर वेळी नव्याने घडवली जाते. म्हणजेच आकृती आणि ध्वनी या दोन परिचित पातळ्यांमध्ये संकेतांकाची तिसरी पातळी येऊन बसली आहे. या पातळीवरही पाठभेद संभवतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, आणि त्यांतले काही अर्थनिर्णायक असतात; म्हणून मराठी पाठचिकित्सेने ही पातळी आपल्या कक्षेत घेतली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा तंत्रज्ञांचा विषय आहे असे म्हणून तो सोडून देणे साहित्याभ्यासकाला परवडणारे नाही.

२

विवेचनासाठी एखादा साधा शब्द घेणे सोयीचे होईल. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ‘विंचूर’ हे ग्रामनाम येथे मुद्दाम निवडले आहे. तीन अक्षरांच्या या नावात आपल्या प्रश्नाच्या अनेक बाजू एकत्र आलेल्या आहेत. (संकेतांक रूढ षोडशमान पद्धतीऐवजी येथे दशमान पद्धतीने दिले आहेत.)

शाळेत शिकलेला वाचक म्हणेल की या शब्दात तीन अक्षरे आहेत : विं, चू, र. युनिकोड प्रणालीत तो सहा संकेतांकांनी लिहिला जातो : व (२३५७), ऱ्हस्व इकाराची खूण (२३६७), अनुस्वार (२३०६), च (२३३०), दीर्घ उकाराची खूण (२३७०) आणि र (२३५२). यांतील दुसरा संकेतांक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कागदावर ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी काढली जाते, संहितेत ती ‘व’च्या नंतर साठवलेली असते. हात आधी वेलांटी काढतो, जीभ आधी ‘व’ उच्चारते, आणि या दोहोंपैकी जिभेचा क्रम प्रमाण मानण्यात आला आहे. हा निर्णय यांत्रिक नाही. लिपी ही उच्चाराची नोंद आहे की स्वतंत्र दृश्य व्यवस्था आहे, या जुन्या वादात येथे एक बाजू घेतली गेली आहे. सोस्यूरने लेखनाला दिलेले दुय्यम स्थान आणि देरिदाने त्यावर घेतलेला आक्षेप यांची चर्चा आपल्या वर्गांतून वर्षानुवर्षे होत आली. पण त्या वादाचा निकाल आपल्या स्वतःच्या लिपीच्या संदर्भात एका तांत्रिक कोष्टकात लागून गेला, याची दखल फारशी घेतली गेली नाही.

याच शब्दाचे सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ उकार ऱ्हस्व होतो : विंचूर, पण विंचुरात, विंचुराहून. १९६२ पूर्वीच्या लेखनपद्धतीत ‘विंचुरांत’ असा अनुच्चारित अनुस्वारही असे. मराठी वाचकाला ही सारी एकाच नामाची रूपे वाटतात. यंत्राच्या दृष्टीने २३७० आणि २३६९ हे दोन भिन्न संकेतांक आहेत. त्यामुळे ‘विंचूर’चा शोध घेतला असता ‘विंचूरचा’, ‘विंचूरकर’ ही रूपे सापडतात आणि ‘विंचुरात’ सापडत नाही. येथपर्यंतचा भेद निदान डोळ्याला दिसतो. खरी अडचण पुढे आहे.

३

ती अडचण समजण्यासाठी संकेतप्रणालीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८० नंतरच्या दशकात जी संकेतप्रणाली सिद्ध झाली, तिला ‘इस्की’ या आद्याक्षरनामाने ओळखले जाते. १९८८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्या मुळात एकच आहेत आणि त्यांचे भेद वरवरच्या वळणांचे आहेत, हे या प्रणालीचे तत्त्व होते. एकच संकेतांक देवनागरीत एक वळण दाखवी, तेलुगूत दुसरे. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग दिला खरा; पण विभागांतर्गत मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. म्हणून देवनागरी ‘क’ २३२५ वर आहे आणि तेलुगू ‘क’ बरोबर ७६८ घरे पुढे, ३०९३ वर. ‘र’ची घरेही तशीच जुळतात : २३५२ आणि ३१२०.

या समांतर मांडणीमागील दृष्टी उदात्त आहे, यात शंका नाही. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत लिप्यंतर करणे तिच्यामुळे सुकर झाले. परंतु समांतरता साधण्यासाठी प्रत्येक लिपीच्या विभागात इतर लिप्यांच्या गरजाही शिरल्या. द्राविडी भाषांतील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांसाठी देवनागरीत घरे राखली गेली. मराठीला त्यांची गरज नाही. द्राविडी ‘ऴ’साठी घर आले. तेलुगूत आणि अन्य द्राविडी लिप्यांत ‘र’हून वेगळा असा एक कठोर ‘र’ आहे. तेलुगूत त्याचे घर ३१२१ आहे. त्याच्यासमोर देवनागरीत २३५३ वर नुक्ता दिलेला ‘ऱ’ आला, आणि तो द्राविडी वर्णाच्या लिप्यंतरासाठी आहे अशी टीपही मानकात दिली गेली.

जोडाक्षरांच्या बाबतीत दोन लिप्यांची प्रकृती किती भिन्न आहे हेही येथे पाहावे. ‘र’, हलन्त चिन्ह आणि ‘य’ असा क्रम आला की तेलुगूत ‘र’ जागेवर राहतो आणि ‘य’ त्याच्या खाली वत्तु होऊन लटकतो. देवनागरीत ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढतो. संकेतांकांचा क्रम तोच, दृश्य क्रम उलटा. मात्र तेलुगूची आणि हिंदीची गरज या एका जोडणीने भागते. मराठीची भागत नाही.

४

मराठीत ‘र’ आणि ‘य’ यांची जोडणी दोन प्रकारे होते आणि त्या प्रकारांनी अर्थ बदलतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. पहिल्या प्रकारात मागच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हा भेद मराठी लिपीने रफार आणि अर्धा ‘र’ अशा दोन खुणांनी नोंदवला आहे. केवळ वळणाचा नव्हे, वर्णव्यवस्थेचा हा भेद आहे.

एकाच क्रमातून दोन परिणाम काढायचे कसे, हा प्रश्न मानकापुढे आला तेव्हा त्याची दोन उत्तरे मान्य झाली आणि आजही दोन्ही वैध आहेत. इस्कीच्या परंपरेनुसार २३५३ क्रमांकाचा द्राविडी ‘ऱ’ घ्यायचा आणि त्याला हलन्त चिन्ह जोडायचे. म्हणजे अर्धा ‘र’ दिसतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या परंपरेनुसार नेहमीचा ‘र’ घ्यायचा, हलन्त चिन्ह द्यायचे आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे शून्य रुंदीचे जोडक घालायचे. म्हणजेही अर्धा ‘र’च दिसतो. या जोडकाला आकृती नाही, ध्वनी नाही, रुंदीही नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ची स्वतंत्र कळ असल्याने तेथे टंकणारा पहिल्या मार्गाने जातो, उच्चारानुसारी रोमन टंकनाच्या काही पद्धती दुसऱ्या मार्गाने नेतात. कोणत्या मार्गाने आपण आलो हे टंकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते आणि वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

आता गुडमन यांच्या कसोटीकडे परत येऊ. ‘आचाऱ्यांना’ या शब्दाच्या दोन प्रती, पहिली ‘ऱ’च्या मार्गाने आणि दुसरी जोडकाच्या मार्गाने सिद्ध झालेली, डोळ्याला एकरूप आहेत, संकेतांकांच्या दृष्टीने भिन्न आहेत. युनिकोडमध्ये समतुल्य रूपे एकत्र आणण्याची जी अधिकृत प्रमाणीकरण-पद्धती आहे, तीही या दोघांना समान मानत नाही. उलट ‘ऱ’ म्हणजे ‘र’ अधिक नुक्ता, एवढीच समतुल्यता ती ओळखते. म्हणजे आपला अर्धा ‘र’ तिच्या लेखी नुक्त्याचा एक प्रकार ठरतो. याहून गंभीर गोष्ट अशी की शून्य रुंदीचे जोडक हे उपेक्षणीय चिन्ह असल्याने शोध घेताना, वर्गवारी करताना किंवा मजकूर ‘स्वच्छ’ करताना अनेक आज्ञावल्या ते गाळतात. गाळल्याबरोबर ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते. गुडमन यांच्या भाषेत सांगायचे तर येथे वर्णवर्ग परस्परांपासून विभक्त राहिलेले नाहीत : एकच आकृती दोन संकेतमालिकांची आहे, आणि त्यांपैकी एक मालिका एका अदृश्य चिन्हाच्या लोपाने भलत्याच शब्दात जाऊन पडते.

दुसरे उदाहरण समीक्षकांना अधिक जवळचे वाटेल. इंग्रजी ‘ॲ’ या स्वरासाठी मराठी मुद्रणाने ‘अ’वर चंद्र देण्याची पद्धत रुळवली, तर प्रारंभीच्या युनिकोडमध्ये उपलब्ध होता तो ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’ (२३१७). मराठीचा ‘ॲ’ (२४१८) स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, दाखल झाला. तोपर्यंत बऱ्याच जणांनी ‘अ’ (२३०९) आणि सुटा चंद्र (२३७३) जोडून काम भागवले होते. मानक आता ही जोडणी निषिद्ध मानते. पण तिने लिहिलेला मजकूर तसाच आहे, आणि तिची समतुल्यता नव्या वर्णाशी मान्य झालेली नाही. परिणामी विंदा करंदीकरांच्या ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ या पुस्तकाचे नाव तीन प्रकारे साठवलेले आढळू शकते, आणि त्यांतले दोन प्रकार डोळ्याला अगदी सारखे दिसतात. मराठी समीक्षेतील ॲरिस्टॉटलच्या उल्लेखांची सूची यांत्रिक शोधाने करणारा विद्यार्थी एक प्रकार टंकतो, आणि उरलेल्या दोन प्रकारांतील उल्लेख मराठीत नाहीतच असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

५

पाठचिकित्सेच्या परंपरेत या प्रकारच्या भेदांना स्थान कोठे? डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास मौलिक आणि आनुषंगिक पाठ असा भेद केला. शब्दच बदलून अर्थ पालटवणारे ते मौलिक. लेखनपद्धती, विरामचिन्हे इत्यादी आनुषंगिक. आपल्याकडे भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने आणि सु. मं. कत्रे यांच्या १९४१ मधील पाठचिकित्साविषयक ग्रंथाने हस्तलिखितांच्या संदर्भात जी शिस्त घालून दिली, तिच्यातही निव्वळ लेखनभेद आणि खरा पाठभेद यांच्यात विवेक केला जातो. संकेतांकाच्या पातळीवरील भेद हे आनुषंगिकांहूनही आनुषंगिक आहेत, असे प्रथमदर्शनी वाटेल. वाचकाला दिसतच नाही त्याची चिकित्सा कशासाठी?

या आक्षेपाला दोन उत्तरे देता येतात. पहिले असे की ‘वाचक’ म्हणजे केवळ डोळस वाचक नव्हे. दृष्टिहीन वाचक संगणकीय मजकूर वाचनाच्या आज्ञावलीकडून ऐकतो. ती आज्ञावली आकृती पाहत नाही, संकेतांक वाचते. त्या वाचकापुरती संहिता आणि संकेतमालिका यांत अंतरच नाही. जोडक गळलेली प्रत त्याला गुरुजन ऐकवील. शेजारी बसलेल्या डोळस वाचकाच्या छापील प्रतीत स्वयंपाकी असतील. हा भेद आनुषंगिक म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर समीक्षापद्धतीशी निगडित आहे. शैलीविचारात शब्दांच्या वारंवारतेचा आधार घेण्याची प्रथा पूर्वीपासून होती. आता मोजणी यंत्राकडे गेली आहे. अमुक कवीच्या अमुक संग्रहात अमुक शब्द इतक्या वेळा येतो, किंवा येतच नाही, अशी विधाने प्रबंधांतून निर्वेधपणे केली जातात. अशा विधानाचा पुरावा म्हणजे आकृतींची नव्हे, संकेतमालिकांची मोजणी असते. मालिका एकरूप आहेत याची खात्री केल्याखेरीज नास्तिवाची विधान करणे म्हणजे एकच पोथी पाहून सर्व पोथ्यांविषयी बोलण्यासारखे आहे. वर्णानुक्रमाचेही तसेच. निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने सूची लावली तर ‘ळ’ (२३५५) हा ‘ल’नंतर लगेच येतो, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात जातात. आपल्या वर्णमालेत ही तिन्ही अक्षरे ‘ह’नंतर आहेत. मराठी क्रमाची नियमावली वेगळी पुरवली नाही, तर मराठी कोश मराठी क्रमाने लागत नाही.

६

युनिकोडपूर्व मजकुराचा प्रश्न याहून बिकट आहे. १९९० नंतरच्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती बहुतांशी आकृतिनिष्ठ टंकांच्या द्वारे. या टंकांत रोमन वर्णांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत : काना, वेलांटी, अर्धा ‘क’, रफार. जुळारी पूर्वी खिळे जुळवी तसेच हे जुळवणे होते. ‘विंचूर’मधील वेलांटी येथे ‘व’च्या आधीच साठवली जाई. प्रत्येक टंककुलाची वाटणी वेगळी. टंक हाताशी असेतो मजकूर मराठी. टंक गेला की तो रोमन चिन्हांची निरर्थक गर्दी.

या काळातील अनियतकालिके, लहान प्रकाशनांचे कवितासंग्रह आणि विद्यापीठीय प्रबंध यांच्या संगणकीय प्रती अशाच टंकांत अडकलेल्या आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते आणि केले जातेही. पण प्रत्येक रूपांतर हे यंत्राने केलेले पाठसंपादनच असते. तुकड्यावरून वर्ण ओळखताना अर्धा ‘र’ कोणत्या मार्गाने लिहायचा, ‘अ’वरचा चंद्र एक वर्ण मानायचा की दोन, याचे निर्णय रूपांतराची आज्ञावली लिहिणारा घेतो आणि ते कोठेही नोंदवले जात नाहीत. पोथीच्या लेखकूला निदान पुष्पिकेत आपले नाव घालण्याची रीत होती.

लेखनविषयक बंडखोरीचेही असेच होते. सावरकरांनी पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीत ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’ लिहिले जाई. स्वरवर्णापुढे स्वरचिन्ह ही जोडणी संकेतप्रणालीला अपेक्षित नसल्याने काही यंत्रणा त्यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटवतात. लिपिसुधारणेचा एक संपूर्ण अध्याय अशा रीतीने टंकनदोष ठरतो, आणि संपादक तो निमूटपणे ‘शुद्ध’ करतो.

मोडीच्या बाबतीत हीच गोष्ट उलट दिशेने घडते. युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत, २०१४ मध्ये, मोडीला स्वतंत्र विभाग मिळाला. विल्यम कॅरे यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी टंकांत छापला गेला, त्यानंतर दोन शतकांनी. पेशवाईतील विठ्ठल शिवदेव विंचूरकर, जे १७६१ च्या पानिपतात सहभागी होते, त्यांच्या घराण्याचे नाव ज्या मोडी कागदांत येते ते संगणकावर आणताना काय होईल पाहा. मोडीच्या वहिवाटीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. मोडीच्या युनिकोड विभागात मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ उकारांना स्वतंत्र संकेतांक आहेत. लिहिणाऱ्याने जो भेद केलाच नव्हता तो उतरवून घेणाऱ्याला करावा लागतो : ‘चु’ की ‘चू’? तटस्थ पर्याय उपलब्ध नाही. आजच्या प्रमाणलेखनाप्रमाणे ‘चू’ लिहिले, तर अठराव्या शतकातील कारकुनाच्या तोंडी विसाव्या शतकातील नियम घातला जातो. दिसलेल्या वळणाप्रमाणे लिहिले, तर शोधात ते नाव सापडत नाही. दोन्ही पर्याय समर्थनीय आहेत. न सांगता निवडणे तेवढे समर्थनीय नाही.

७

या विवेचनातून युनिकोडविरोधी निष्कर्ष काढणे चूक ठरेल. मराठी मजकूर आज एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर अबाधित जातो तो याच प्रणालीमुळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला आणि ‘ल’, ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली. ती वळणे दिसणे न दिसणे मात्र टंकावर आणि मजकुराला दिलेल्या भाषाखुणेवर अवलंबून राहिले, कारण हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांचा संकेतांक एकच आहे. हेही योग्यच म्हणावे लागेल. तेथे अर्थभेद नाही. अर्थभेद नाही तेथे एकच संकेतांक आणि अर्थभेद आहे तेथे भिन्न संकेतांक, हे तत्त्व मुळात निर्दोष आहे. अर्ध्या ‘र’च्या बाबतीत ते पुरते पाळले गेले नाही, कारण मराठीचा हा भेद इतर लिप्यांच्या समांतर मांडणीत बसत नव्हता आणि तो परक्या वर्णाच्या किंवा अदृश्य चिन्हाच्या आश्रयाने भागवावा लागला.

संपादकांकडून आणि संशोधकांकडून येथे तीन माफक अपेक्षा करता येतील. संगणकीय प्रतीवरून सिद्ध केलेल्या प्रत्येक आवृत्तीत मूळ प्रत कोणत्या टंकात होती आणि तिचे रूपांतर कशाने केले हे प्रस्तावनेत नोंदवावे. अर्धा ‘र’, ‘ॲ’, जोडक आणि नुक्ता यांविषयीचे धोरण एकदा ठरवून ते संहिताभर पाळावे आणि सांगावे. शब्दमोजणीवर आधारलेल्या प्रबंधाने मोजणीपूर्वी संहिता कोणत्या रीतीने एकरूप केली याचा खुलासा अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात करावा. हस्तलिखितांच्या संपादकाकडून आपण प्रतींचे वर्णन मागतोच. संगणकीय प्रतीला त्यातून सूट देण्याचे कारण नाही. १९९० नंतरच्या दशकातील लेखक, प्रकाशक आणि जुळारी यांच्यापैकी अनेक जण अद्याप आपल्यात आहेत, त्यांच्या तबकड्यांवरील टंकांची नावे सांगू शकतात. ही माहिती त्यांच्याकडून उतरवून घेण्याचे काम मराठी विभागांनी हाती घेण्याजोगे आहे.